सरकती दांडी आणि वाहते पाणी

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, पैठणला निघालात की पंधराएक किलोमीटरवर चितेगाव लागते. या वाटेने दोन गोष्टी सतत जात असतात. एक रस्त्यावरून धावणारी एस.टी., आणि दुसरी जायकवाडीहून शहराकडे जाणारे नळातले पाणी. एस.टी. तुम्हाला दिसते, पाणी दिसत नाही. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने या दोन्हींत एकच घटना घडत असते: विजेचा वाहक चुंबकीय क्षेत्रातून सरकत असतो.

वाहक असा सरकला की त्याच्या दोन टोकांत विद्युत् दाब निर्माण होतो, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. मग प्रश्न असा, की एस.टी.त बसून हा दाब मोजता येईल का? आणि नळातल्या पाण्याचा मोजता येईल का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच नाही. ते का, हे समजले तर हा धडा खऱ्या अर्थाने समजला.

दांडीच्या आत काय घडते?

एस.टी.च्या मागच्या चाकांना जोडणारा पोलादी आस, म्हणजे गाडीवाल्यांच्या भाषेत ॲक्सल, डोळ्यांसमोर आणा. ही सुमारे दोन मीटर लांबीची आडवी दांडीच आहे. प्रत्येक धातूप्रमाणे तिच्यातही असंख्य मुक्त इलेक्ट्रॉन असतात. गाडी पुढे जाऊ लागली की दांडीबरोबर हे इलेक्ट्रॉनही पुढे जातात. आणि चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या विद्युत् भारावर एक प्रेरणा कार्य करते. ती भाराच्या गतीलाही लंब असते आणि चुंबकीय क्षेत्रालाही लंब असते.

ही प्रेरणा काल्पनिक नाही. चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्यात अनेक वर्षे दूरचित्रवाणी संच तयार होत. जुन्या पद्धतीच्या संचात मोठी काचेची नळी असे व तिच्या मानेवर तारेची वेटोळी बसवलेली असत. त्या वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत वळे आणि पडदाभर फिरून चित्र उमटवी. नळीत जी प्रेरणा झोताला वळवते, तीच दांडीतल्या इलेक्ट्रॉनांना एका टोकाकडे ढकलते.

आता असे पाहा. इलेक्ट्रॉन एका टोकाशी गोळा झाले की ते टोक ऋण होते आणि दुसरे टोक धन होते. हा साठा वाढत गेला की तो नव्या इलेक्ट्रॉनांना मागे लोटू लागतो. शेवटी चुंबकीय प्रेरणा आणि ही मागे लोटणारी विद्युत् प्रेरणा सारख्या होतात, आणि साठा वाढायचा थांबतो. चुंबकीय प्रेरणा म्हणजे भार, क्षेत्र व वेग यांचा गुणाकार. विद्युत् प्रेरणा म्हणजे भार गुणिले दाब, भागिले दांडीची लांबी. दोन्ही समान मांडा. भार दोन्ही बाजूंना असल्यामुळे तो निघून जातो आणि उरते ते असे:

दाब = चुंबकीय क्षेत्र × दांडीची लांबी × वेग

यात क्षेत्र, लांबी आणि वेग हे तिन्ही एकमेकांना काटकोनात असले पाहिजेत. पुस्तकात या दाबाला ‘प्रवर्तित विद्युत् चालक प्रेरणा’ असे भारदस्त नाव आहे. आपण सोयीसाठी ‘विद्युत् दाब’ किंवा नुसते ‘दाब’ म्हणू.

हेच सूत्र दुसऱ्या रीतीनेही पाहता येते. लांबी × वेग म्हणजे दांडीने एका सेकंदात झाडलेली जमीन, जसा केरसुणीचा एक फटकारा. तेवढ्या क्षेत्रफळातून जितक्या चुंबकीय बलरेषा जातात, तितक्या दांडीने सेकंदाला कापल्या. म्हणून ‘दांडी बलरेषा कापते’ असे म्हणण्याची पद्धत आहे.

चुंबक कोठे आहे?

एस.टी.च्या वाटेवर चुंबक कोणी ठेवला? तर तो आहे आपली पृथ्वी. तिच्या क्षेत्राची मोजणी आपल्या महाराष्ट्रात फार जुनी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम सुरू करण्याचे ठरले. ट्रामच्या तारांतून व रुळांतून वाहणाऱ्या विद्युत् धारेचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. ते नाजूक नोंदींत घोटाळा करणार, हे उघड होते. म्हणून वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली आणि १९०४ मध्ये तेथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. जुन्या व नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी झाली. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. अलिबागची वेधशाळा आजही काम करते.

आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र जमिनीला समांतर नसते. ते उत्तरेकडे जाता जाता जमिनीत शिरते. चितेगावाच्या परिसरात हा कल सुमारे २७ अंश आहे. त्यामुळे क्षेत्राचे दोन भाग पाडता येतात. उत्तरेकडे जाणारा आडवा भाग सुमारे ३.९ लाखांश टेस्ला, आणि खाली जाणारा उभा भाग सुमारे २ लाखांश टेस्ला, म्हणजे ०.००००२ टेस्ला.

एस.टी.चे गणित

गाडी सपाट रस्त्याने धावते आणि आस आडवा असतो. म्हणून तो फक्त उभा भाग कापतो. वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर घेऊ. गाडीच्या लोखंडामुळे क्षेत्रात होणारा बदल सध्या बाजूला ठेवू.

दाब = ०.००००२ × २ × १५ = ०.०००६ व्होल्ट

म्हणजे ०.६ मिलिव्होल्ट. बॅटरीतल्या साध्या घटाचा दाब १.५ व्होल्ट असतो. हा त्याच्या अडीच हजारावा हिस्सा. लहान खरा, पण शून्य नाही.

कोणते टोक धन? क्षेत्राचा उभा भाग खाली जातो आणि गाडी उत्तरेकडे जाते, असे धरून फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम लावा. पश्चिमेचे, म्हणजे डावीकडचे टोक धन येते. गाडी पैठणकडे वळली तर पूर्वेचे टोक धन होते. पण दक्षिणेकडे तोंड केले की पूर्व डावीकडेच येते! गाडी कोठेही जावो, आपल्या भागात आसाचे डावे टोकच धन राहते.

आता आडव्या आसाऐवजी गाडीवर उभी दांडी लावली तर? उभी दांडी आडवा भाग कापू शकते. पण पैठण रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातो आणि क्षेत्राचा आडवा भागही उत्तरेकडेच जातो. दांडी बलरेषांच्या दिशेनेच सरकली, तर ती त्यांना कापणार कशी? दाब जवळजवळ शून्य. तीच गाडी शहरातून पूर्वेला जालन्याच्या रस्त्याला लागली, की त्याच दांडीत दाब निर्माण होतो आणि तिचे वरचे टोक धन होते. परत येताना खालचे टोक धन.

मोजायला गेलो तर?

समजा, एखाद्या चौकस विद्यार्थ्याने गाडीत एक संवेदनशील व्होल्टमापक ठेवला आणि दोन तारा आसाच्या दोन टोकांना जोडल्या. काटा ०.६ मिलिव्होल्ट दाखवील का? नाही. तो शून्यावरच राहील.

कारण असे. व्होल्टमापकाच्या तारासुद्धा गाडीबरोबरच धावत आहेत. त्याही डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पसरल्या आहेत, त्याही तितक्याच वेगाने तेच क्षेत्र कापत आहेत. म्हणून त्यांच्यातही तितकाच दाब निर्माण होतो आणि त्यांचेही डावे टोक धन असते. दोन सारखे घट धनाला धन आणि ऋणाला ऋण असे जोडले, तर त्या वाटोळ्यातून धारा वाहते का? तसेच येथे होते.

दुसऱ्या शब्दांत, आस आणि तारा मिळून जे बंद मंडल झाले, त्यातून जाणाऱ्या बलरेषांची संख्या बदलतच नाही. पुढून जितक्या आत आल्या तितक्या मागून बाहेर गेल्या. म्हणून हे सूत्र वापरताना नेहमी एक प्रश्न विचारा: दांडी सरकते आहे, पण मंडलाचा उरलेला भाग काय करतो आहे? तो थांबलेला असेल तरच मापकात दाब दिसेल.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर हे पडताळून पाहता येईल. आवरण असलेली सुमारे ४५ मीटर लांबीची लवचिक तांब्याची तार घ्या. तिचे सहा-साडेसहा मीटर लांबीचे तीन वेढे करा, म्हणजे एक लांबट वेटोळे तयार होईल. त्याच्या लांब बाजूंच्या तारा चिकटपट्टीने एकत्र बांधा. तारेची दोन टोके प्रयोगशाळेतल्या मध्यभागी शून्य असलेल्या गॅल्व्हानोमीटरला जोडा.

पहिला प्रयोग: चौघांनी वेटोळे आडवे, ताठ धरावे, पाचव्याने गॅल्व्हानोमीटर घ्यावा आणि सगळ्यांनी एका चालीने पुढे जावे. वेटोळे तिरपे होऊ देऊ नका. काटा हलणार नाही. ही झाली आपली एस.टी.

दुसरा प्रयोग: गॅल्व्हानोमीटर जमिनीवर ठेवा. वेटोळ्याची एक लांब बाजू जमिनीवर पसरा. दुसरी बाजू दोघांनी दोन टोकांना धरून, दोरीवरच्या उड्यांसाठी दोरी फिरवतात तशी सावकाश फिरवावी. काटा शून्याच्या दोन्ही बाजूंना किंचित डोलू लागेल. आता मंडलाचा एक भाग सरकतो आहे आणि दुसरा थांबला आहे.

फिरवणारे आधी पूर्व-पश्चिम उभे राहोत, मग उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम उभे असताना तार पृथ्वीचे संपूर्ण क्षेत्र कापते. उत्तर-दक्षिण उभे असताना फक्त उभा भाग उपयोगी पडतो, आणि तितक्याच वेगाने फिरवूनही परिणाम निम्म्याहून कमी होतो.

रुळावरचा आस

एस.टी.ऐवजी आगगाडी घेतली तर चित्र बदलते. आगगाडीचा आस सरकतो, पण ज्या रुळांवर त्याची चाके टेकतात ते रूळ जागच्या जागी असतात. दोन रूळ एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग असतील, आणि दूर कोठे तरी स्थिर तारांनी त्यांना व्होल्टमापक जोडला, तर तो आसातला दाब दाखवील.

मनमाडहून संभाजीनगरमार्गे जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळात मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांत १ मीटर अंतर. आता तो ब्रॉडगेज आहे आणि अंतर १.६७६ मीटर आहे. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीसाठी मीटरगेजवर दाब ०.४ मिलिव्होल्ट येतो, ब्रॉडगेजवर सुमारे ०.६७ मिलिव्होल्ट. वेग तोच, क्षेत्र तेच. दांडी लांब झाली म्हणून दाब वाढला.

हा प्रयोग मात्र कागदावरच करा. रुळांवर जाणे जिवावर बेतते, आणि सिग्नलसाठी रुळांतून वेगळी विद्युत् धारा सोडलेली असते, तीत ढवळाढवळ करणे हा गुन्हा आहे.

पाण्याची दांडी

आता नळातल्या पाण्याकडे वळू. नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. त्यांचे धन व ऋण आयन असतात, म्हणून असे पाणी विजेचे वाहक असते. तेव्हा नळाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचा पाण्याचा प्रत्येक पट्टा ही एक सरकती दांडीच झाली. तिची लांबी म्हणजे नळाचा व्यास. नळ आणि बाहेरच्या तारा स्थिर आहेत, फक्त दांडी सरकते आहे. म्हणजे येथे एस.टी.ची अडचण नाही.

ही कल्पना मायकेल फॅरडेला सुचली होती. १८३१ मध्ये त्याने विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, आणि १८३२ च्या जानेवारीतच तो लंडनच्या वॉटर्लू पुलावर गेला. थेम्स नदी ही वाहती दांडी आणि पृथ्वी हा चुंबक! त्याने तांब्याचे पत्रे पाण्यात सोडून तारेने गॅल्व्हानोमीटरला जोडले. काटा हलला, पण भरवशाचे उत्तर मिळाले नाही. पत्रे आणि पाणी यांच्यातल्या रासायनिक क्रियेनेही दाब निर्माण होतो, आणि त्यात नदीच्या गतीचा इवलासा दाब हरवून गेला.

आज ही अडचण दूर करून बनवलेले यंत्र आहे. त्याचे नाव विद्युत् चुंबकीय प्रवाहमापक. मोठ्या जलवाहिन्यांवर व कारखान्यांत ते वापरतात. त्यात पृथ्वीच्या दुबळ्या क्षेत्रावर विसंबत नाहीत. नळाच्या वर व खाली वेटोळी बसवून कितीतरी प्रबळ क्षेत्र निर्माण करतात. नळाच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन लहान विद्युत् अग्रे पाण्याला टेकलेली असतात. धातूच्या नळातून दाबाला आडवाट मिळू नये म्हणून आतून रबराचे किंवा प्लॅस्टिकचे अस्तर असते. आणि फॅरडेला छळणाऱ्या रासायनिक दाबाचे काय? तर वेटोळ्यांतील धारेची दिशा दर सेकंदाला अनेकदा उलटवतात. गतीमुळे येणारा दाब त्याबरोबर उलटतो, रासायनिक दाब उलटत नाही. दोन वाचनांची वजाबाकी केली की रासायनिक दाब निघून जातो.

जायकवाडीचे पाणी चितेगावाजवळच्या फारोळा येथील जलशुद्धीकरण केंद्रात येते आणि पुढे शहराकडे जाते. शहराच्या जुन्या दोन वाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या आहेत. यांतली मोठी उदाहरणादाखल घेऊ. समजा, तेवढ्या व्यासाचा एक प्रवाहमापक आहे, त्याचे क्षेत्र ०.००२ टेस्ला आहे आणि पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहते आहे.

दाब = ०.००२ × १.४ × १ = ०.००२८ व्होल्ट, म्हणजे २.८ मिलिव्होल्ट

नळाच्या छेदाचे क्षेत्रफळ १.५४ चौरस मीटर. म्हणजे सेकंदाला १.५४ घनमीटर, अर्थात १५४० लिटर पाणी गेले. दिवसाला सुमारे १३ कोटी ३० लाख लिटर! वेग निम्मा झाला की दाब निम्मा होतो. पाणी गढूळ असो वा स्वच्छ, थोडे खारट असो वा गोडे, सूत्रात त्याला जागाच नाही. पाणी वाहक असले म्हणजे पुरे. नळात फिरणारे चक्र नाही, त्यामुळे गाळाने अडकायची भीती नाही.

याचा उपयोग पाहा. २०२० च्या दशकाच्या सुरुवातीला संभाजीनगरात अनेक भागांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येई. अशा ठिकाणी वाटेत किती पाणी गळते, हे कळणे फार महत्त्वाचे. वाहिनीच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक असे दोन सारखे प्रवाहमापक बसवले आहेत, असे समजा. पहिला २.८ मिलिव्होल्ट दाखवतो, दुसरा २.५२. फरक ०.२८, म्हणजे दहा टक्के. वरच्या हिशोबाने दिवसाला १ कोटी ३३ लाख लिटर पाणी वाटेतच नाहीसे झाले. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हवे, असे प्रमाण आपल्याकडे मानतात. तेव्हा हे पाणी सुमारे ९८ हजार माणसांच्या वाट्याचे झाले. पाव मिलिव्होल्टचा फरक, पण त्याचा अर्थ एवढा मोठा!

दाब फुकट मिळतो का?

दांडीतला दाब नुसता मोजला, तर धारा जवळजवळ वाहत नाही आणि दांडीला अडथळाही होत नाही. म्हणून प्रवाहमापक पाण्याला अडवत नाही. पण त्या दाबावर दिवा लावायचा म्हटले की धारा वाहते, आणि धारा वाहणाऱ्या दांडीला चुंबकीय क्षेत्र मागे ओढू लागते. हा लेन्झचा नियम. दांडी सरकत ठेवायची तर कोणी तरी जोर लावावा लागतो. त्या कार्याचीच वीज होते. जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र आहे. तेथे जनित्राच्या तारा म्हणजे याच दांड्या, आणि जोर लावते गोदावरीचे पाणी.

विचार करा

१. एक लोखंडी गज आडवा धरून चितेगावात गच्चीवरून मोकळ्या जागेत सोडला, असे समजा. तो पूर्व-पश्चिम धरला तर दाब निर्माण होईल का? उत्तर-दक्षिण धरला तर? (गज खाली पडतो, म्हणजे वेग उभा आहे, हे विसरू नका.)

२. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. तेथे क्षेत्राचा उभा भाग शून्य असतो. तेथे धावणाऱ्या आगगाडीच्या आसात किती दाब येईल?

३. प्रवाहमापक खाद्यतेल मोजण्यासाठी का चालत नाही?

प्रत्येक प्रश्नाला आधी तीन दिशा कागदावर काढा: क्षेत्राची, दांडीची आणि वेगाची. नंतर मंडलाचा उरलेला भाग स्थिर आहे की नाही, ते पाहा. उत्तर आपोआप सापडेल.